भाजलेल्या भाज्या आणि डाळिंब्यांचं दाट सूप

या सूपला दाटपणा येतो तो डाळिंब्यांमुळे, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालांमुळे, आणि चव येते ती भाज्या खरपूस भाजल्यामुळे. कॉर्नफ्लोअर, मैदा, क्रीमचं पाकीट यांतलं काहीही लागत नाही. मात्र दोन्ही कामांना वेळ द्यावा लागतो. रविवारी संध्याकाळी सूप हवं असेल तर वाल शुक्रवारी रात्री भिजत पडले पाहिजेत.

वडोदऱ्यात हे सूप करायचं ते थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा टोमॅटो पिकलेले आणि स्वस्त मिळतात, लाल गाजरं येतात आणि पातीचं हिरवं लसूण गाड्या भरभरून असतं. खंडेराव मार्केटच्या, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बांधलेल्या त्या महालासारख्या इमारतीच्या मागे जो भाजीबाजार भरतो, तिथे हे सगळं एका फेरीत होतं. लाल भोपळा तिथे 'कोळू' म्हणून मागायचा. कापलेली फोड घेताना गर गडद केशरी आहे ना आणि बियांजवळचा भाग कोरडा आहे ना, ते बघा. फिकट, पाणचट भोपळा कितीही भाजला तरी सूपला अंग येत नाही.

काय काय लागेल

चौघांना पोटभर, म्हणजे साधारण सव्वा लिटर सूप होईल असं हे प्रमाण आहे. वाटी दीडशे मिलिलिटरची, मोठा चमचा पंधराचा आणि लहान चमचा पाचचा धरला आहे.

कडवे वाल १ वाटी (साधारण १२० ग्रॅम). लाल भोपळा अर्धा किलो, गाजरं २०० ग्रॅम, पिकलेले टोमॅटो २५० ग्रॅम, मध्यम कांदे २, लसणाचा १ अख्खा गड्डा, आणि मिळाली तर १ लाल सिमला मिरची. शेंगदाण्याचं तेल ३ मोठे चमचे. जिरं १ लहान चमचा, मिरी ८-१०, चिमूटभर हिंग, मीठ, अर्धं लिंबू. वरून घालायला तूप १ मोठा चमचा, हिरव्या लसणाच्या ४-५ काड्या आणि जाड शेव.

साखर किंवा गूळ मुद्दाम लिहिलेला नाही. आपल्याकडे आमटीत गुळाचा खडा टाकायची सवय हाताला असते, पण भोपळा, गाजर आणि कांदा भाजले की त्यांची गोडी एवढी वाढते की वरून गोड घातलं तर सूप मिठाईकडे झुकतं.

वालांना मोड आणणं

वाल निवडून दोनदा धुवा आणि तिप्पट कोमट पाण्यात ८ ते १० तास भिजू द्या. मग ते पाणी ओतून टाका. त्यात कडवटपणा उतरलेला असतो आणि पोटाला जड पडणारा काही भागही त्यातच निघून जातो. भिजलेले वाल ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधून, झाकणाच्या भांड्यात, उबेला ठेवा. जानेवारीत मोड यायला २० ते २४ तास लागतात. मे महिन्यात १०-१२ तासांतच येतात आणि त्याहून जास्त ठेवले तर वाल बुळबुळीत होऊन आंबूस वास मारतात. मोड अर्धा सेंटिमीटर निघाला की पुरे.

आता हे वाल १५ मिनिटं पुन्हा कोमट पाण्यात टाका. साल सुरकुतून सैल होते. वाल अंगठा आणि तर्जनीत धरून एका टोकाला हलकेच दाबला की दुसऱ्या टोकाने डाळिंबी सटकन बाहेर येते, मोडासकट, फिकट पिवळी आणि गुळगुळीत. साल दोन बोटांत रिकामी राहते. एका वाटी वालांना सवयीच्या हाताला वीस मिनिटं लागतात. हे काम टाळायचा मोह होईल, पण वालाची साल मिक्सरमध्ये कधीच पूर्ण वाटली जात नाही. तिचे करकरीत कण जिभेला लागतात, आणि मग सूप कितीही दाट असलं तरी मऊसूत वाटत नाही. सोलून साधारण दोन वाट्या डाळिंब्या होतात.

पातेल्यात ३ वाट्या पाणी उकळून हिंग आणि डाळिंब्या घाला. पहिल्या पाच मिनिटांत भरपूर फेस येतो, तो डावाने काढून टाका. नंतर आच मंद करून, झाकण थोडं तिरकं ठेवून १२ ते १५ मिनिटं शिजवा. कुकर लावू नका: डाळिंब्यांचा फेस शिट्टीच्या भोकात अडकतो, शिवाय त्या इतक्या लवकर शिजतात की कुकरने काही वाचत नाही. डाळिंबी बोटचेपी झाली पाहिजे, म्हणजे दोन बोटांत दाबल्यावर लोण्यासारखी पसरली पाहिजे आणि मध्ये कणी लागता कामा नये. उसळीसाठी आपण ती जरा आधीच उतरवतो. इथे ती मोडेपर्यंत शिजू द्यायची. शिजत आल्यावर अर्धा लहान चमचा मीठ घाला. कट, म्हणजे डाळिंब्या शिजल्यावर उरलेलं पाणी, फेकू नका. चाखून बघा, फार कडू नसेल तर सूपमध्ये साध्या पाण्याऐवजी तोच वापरायचा आहे.

इथे एक नियम पाळाच: डाळिंब्या पूर्ण मऊ होईपर्यंत टोमॅटो, लिंबू, चिंच यांतलं काही पातेल्यात पडू द्यायचं नाही. आंबट पडलं की दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा तासभर उकळला तरी आतून कडक राहतो. बोअरच्या जड पाण्यातही हेच होतं, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट करतं. घरी तसं पाणी येत असेल तर भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. सोडा टाकायचाच झाला तर दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढाच. जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि ब जीवनसत्त्वांपैकी थायमिन नष्ट होतं.

वाल नसतील तर चवळी चालते. तिची साल पातळ असते, त्यामुळे सोलायची गरज पडत नाही. सूप मात्र थोडं करडं दिसतं. मोठा पांढरा रंगूनी वाल जास्त लोण्यासारखा लागतो आणि कडवटपणा मुळीच नसतो. त्याला १२ तास भिजवावं लागतं आणि साल काढावीच लागते. राजमा घेणार असाल तर रात्रभर भिजवून पाणी फेका आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय आच कमी करू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात, आणि मंद आचेवर नुसता कोमट राहिलेला राजमा त्या बाबतीत कच्च्यासारखाच. कुकरमध्ये तो व्यवस्थित शिजवला तर ही काळजी उरत नाही. चवळी आणि राजमा भिजवताना पाण्यात लिटरला १ मोठा चमचा मीठ टाकलं तर सालं मऊ पडतात. मोड आणायचे असतील तेव्हा मात्र मीठ घालायचं नाही.

भाज्या भाजणं

भाजणं म्हणजे आधी भाजीतलं पाणी उडवणं. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग साधारण १४० अंशांच्या पुढे धरू लागतो. म्हणून खाली जे सांगितलं आहे, फोडी पुसणं, अंतर सोडणं, टोमॅटो वेगळा ठेवणं, ते सगळं पाण्याला वाट करून देण्यासाठी आहे.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २०० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून १५ मिनिटं आधी तापवा. भोपळ्याची साल काढून दीड इंची फोडी करा. गाजराचे तुकडे एक इंची, कारण त्याला शिजायला जास्त वेळ लागतो. कांद्याच्या प्रत्येकी सहा फाका करा, पण देठाचा बुडखा कापू नका, नाहीतर पाकळ्या सुटतात आणि कडेच्या जळतात. धुतलेल्या भाज्या पंचाने कोरड्या करा. मग परातीत दोन मोठे चमचे तेल आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून हाताने चोळा. प्रत्येक फोड चकचकीत दिसली पाहिजे; ट्रेमध्ये तेल साचलं तर ते जास्त झालं.

फोडी ट्रेमध्ये एकाच थरात आणि एकमेकींना न चिकटता मांडा. घरगुती ओटीजीच्या एका ट्रेमध्ये एवढ्या भाज्या मावत नाहीत, तेव्हा दोन घाणे करा. बहुतेकांचं सूप इथेच बिघडतं: ढीग केला की खालच्या फोडींची वाफ वरच्यांना लागते, भाज्या उकडल्या जातात आणि सूपला दवाखान्यातल्या पथ्याची चव येते.

टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू वर ठेवून, वेगळ्या लहान थाळीत ठेवा, म्हणजे त्यांचा रस बाकीच्या भाज्यांखाली जात नाही. लसणाच्या गड्ड्याचं टोक चाकूने उडवून पाकळ्या दिसू द्या, वर थोडं तेल सोडा आणि फॉइलमध्ये गुंडाळून त्याच थाळीत ठेवा. सुट्या पाकळ्या ट्रेमध्ये टाकू नका. त्या भोपळ्याच्या आधी जळतात, आणि जळक्या लसणाचा कडूपणा एकदा शिरला की त्यावर काहीच उपाय नाही.

वीस मिनिटांनी भाज्या उलटा. फोड ट्रेला चिकटून येत असेल तर ती अजून तयार नाही, पाच मिनिटं थांबा. रंग धरला की ती आपणच सुटते. एकूण ३५ ते ४० मिनिटं लागतात. गाजराच्या कडा आक्रसून गडद होतात, आत सुरी सहज जाते. भोपळ्याच्या तळाला खारकेचा रंग येतो. कांद्याची टोकं काळपट चालतील, पूर्ण काळी नकोत. टोमॅटोची साल सुरकुतते आणि कडेला जमलेला रस पाकासारखा घट्ट होतो. लसूण दाबला की पाकळी सालीतून मलमासारखी बाहेर येते.

भाज्या काढल्यावर ट्रे लगेच धुवायला टाकू नका. गरम असतानाच त्यात अर्धी वाटी उकळतं पाणी ओता आणि लाकडी उलथण्याने तळाचा तपकिरी थर खरवडून घ्या. पाण्याला चहासारखा रंग येतो. हे पाणी सूपमध्ये जाणार. अख्ख्या ट्रेतली सगळ्यात एकवटलेली चव याच थरात असते.

ओटीजी नसेल तर लोखंडी तवा किंवा बिडाची कढई वापरा. फोडी अर्ध्या इंचाच्या करा, तवा चांगला तापवून तेल पसरा, एका थरात भाजी टाका आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका. सारखं परतत राहिलात तर रंग येतच नाही. दोन बाजू खरपूस झाल्या की पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा आणि मंद आचेवर आतून शिजू द्या. असे तीन-चार घाणे लागतील. टोमॅटो आणि सिमला मिरची थेट गॅसच्या आचेवर, वांगं भाजतो तशी भाजा आणि काळी साल हाताने पुसून काढा. नळाखाली धरू नका, चव वाहून जाते.

भाज्यांत बदल करायला जागा आहे, पण थोडी. रताळं चालतं, मात्र मग गाजर वगळा. सुरण दाटपणा छान देतो. नीट भाजला नाही तर घशाला खाज सुटते. बटाटा टाळा, कारण मिक्सरमध्ये त्याचा स्टार्च तुटून सूप डिंकासारखं चिकट होतं. बीट घातलंत तर ते बीटाचंच सूप होईल.

वाटणं

आधी डाळिंब्या वाटायच्या, आणि त्याही फार पाण्यात नाही. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात डाळिंब्या, सोललेला लसूण आणि एक वाटी कट घालून पूर्ण दोन मिनिटं फिरवा. पाणी जास्त असलं की कण पात्याला चुकवून गोल गोल फिरत राहतात. मिश्रण बोटांत चोळून बघा. रवा लागला तर आणखी मिनिटभर फिरवा. ही पेस्ट पेढ्याच्या खव्याइतकी गुळगुळीत झाली की बाजूला काढा, मग भाज्या आणि टोमॅटो ट्रेच्या पाण्यासकट वाटा.

भाज्या कोमट होऊ द्या आणि भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. गरम पदार्थ बंद भांड्यात फिरवला की वाफ एकदम फुगते आणि झाकण उडतं. उकळतं सूप हातावर आणि तोंडावर येतं. गरमच वाटायचं असेल तर पातेल्यातच हँड ब्लेंडर चालवा. टोमॅटोची साल आणि बिया नको असतील तर वाटण पुरणयंत्रातून किंवा सोजीच्या चाळणीतून घासून काढा. पुरणयंत्राने आलेला पोत मिक्सरपेक्षा सरस असतो, कारण त्यात हवा शिरत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात दोन्ही वाटणं एकत्र करा, भाजून कुटलेलं जिरं आणि मिरी घाला, उरलेला कट आणि गरम पाणी मिळून तीन वाट्या हळूहळू ओता आणि मंद आचेवर ८ ते १० मिनिटं ठेवा. मिक्सरमध्ये भरलेली हवा निघून जाते, फिकटलेला रंग परत गडद होतो. अधूनमधून तळापासून ढवळा, डाळिंब्यांचं पीठ बुडाला लागतं. आता दाटपणा पाहा: डाव बुडवून बाहेर काढा आणि त्याच्या पाठीवरून बोट ओढा. रेघ तशीच राहिली तर सूप जमलं. ती लगेच भरून आली तर आणखी आटवा. थंड होताना सूप आणखी दाटतं, तेव्हा आचेवर असताना किंचित सैलच बरं. गॅस बंद करून लिंबू पिळा आणि मगच मीठ चाखा, कारण लिंबामुळे मिठाची चव वर येते.

साय घालायची हौस असेल तर दोन मोठे चमचे ताजी साय घोटून, तीत डावभर गरम सूप मिसळून, गॅस बंद केल्यावर घाला. दूध मात्र नको: टोमॅटोच्या आंबटपणात ते फाटतं. दही त्याहून लवकर फाटतं. नारळाच्या दुधाने सूप फाटत नाही, पण भाजलेल्या भाज्यांचा वास त्याखाली पार दबतो, आणि एवढा वेळ त्या वासासाठीच तर दिलेला असतो.

वरची फोडणी आणि शेव

वडोदऱ्याची शेव-उसळ ज्यांच्या जिभेवर आहे त्यांना हे सांगायला नको. हिरव्या लसणाचा पांढरा भाग बारीक चिरून तुपात मंद आचेवर मिनिटभर परता, गॅस बंद करून पाव चमचा लाल तिखट टाका आणि ती फोडणी सूपवर सोडा. तिखट आचेवर टाकलं तर जळून ठसका लागतो. पात कच्चीच चिरून वर पेरा. शेव जाडच घ्या, कारण बारीक शेव दोन घासांत विरघळून जाते, आणि ती वाडगा हातात दिल्यावर घाला. शेवेत मीठ असतं, ते लक्षात ठेवून सूपमधलं मीठ एक चिमूट कमीच ठेवा.

बिघडलं तर

सूप रवाळ लागतं तेव्हा डाळिंब्या कमी शिजलेल्या असतात किंवा वाल जुने असतात. वाटून झालेलं सूप पुन्हा शिजवून मऊ होत नाही, तेव्हा ते पुरणयंत्रातून काढा. थोडं वाया जाईल, पण पोत हाती येईल. कडू लागलं तर कारण शोधा: वालांचा कडवटपणा तुपाने आणि सायीने सौम्य होतो, जळक्या लसणाचा होत नाही. चव बोथट वाटली तर मीठ वाढवण्याआधी आणखी चार थेंब लिंबू पिळून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच सूप जागं होतं. फार गोड झालं असेल तर मिरपूड आणि लिंबू वाढवा. पाणचट झालं तर आटवा. एखादी वाटी डाळिंब्या बाजूला राखून ठेवलेल्या असतील तर त्या वाटून घालणं अधिक चांगलं.

सूप दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये ठेवलं तर तीन दिवस टिकतं. मोठ्या पातेल्यात ते आतून तासन्‌तास गरम राहतं आणि डाळिंब्यांमुळे लवकर आंबतं, म्हणून पसरट भांड्यांत काढून ठेवा. फ्रिजरमध्ये महिनाभर राहतं. त्यात साय, पात, शेव यांतलं काही नको. दुसऱ्या दिवशी ते पिठल्यासारखं घट्ट झालेलं असेल. गरम पाणी घालून रवीने घुसळत तापवा, किंवा तसंच घट्ट ठेवून बाजरीच्या गरम भाकरीशी खा.